फिट आहे असं लिहून द्या!

आपल्या कॉलेजात मेडिकल सर्टिफिकेट म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. टर्म संपत येते, नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली राहिलेली मंडळी एकाएकी गेल्या महिन्यात आजारी पडून गेलेली असतात! कुणाला व्हायरल फिव्हर, कुणाला कावीळ, तर कुणाला एकाच वर्षात दोनदा कांजिण्या. सर कागद वरून खाली बघतात, मग आपल्याला खालून वर बघतात आणि हसू दाबत सही करतात. थोडक्यात काय, मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे आजारी असल्याचा (किंवा नसल्याचा!) दाखला, अशीच आपल्या सगळ्यांची समजूत असते.

पण याच्या बरोब्बर उलट असाही एक दाखला असतो. "हा माणूस धडधाकट आहे, याला समुद्रावर जाऊ द्यायला हरकत नाही," असं लिहून देणारा. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, रेवस-मांडव्यापासून खाली मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वरापर्यंत, कित्येक घरांची चूल या दुसऱ्या कागदावर पेटत आलेली आहे. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत हाच कागद आणायला मी आजी-आजोबांना घेऊन डॉक्टरकडे गेले होते. तीन रात्रींच्या सहलीसाठी लागणारा एक साधा कागद, पण त्याने आमच्या घरात बरंच काही घडवलं.

आमचं गाव मुरूडच्या जवळ. माझे आजोबा १९७२ साली बोटीवर लागले आणि २००८ साली उतरले. मालवाहू बोटींच्या इंजिन रूममध्ये ते तेलवाला होते. जुन्या बोटींवरच्या हुद्द्यांची नावं ऐकली तर तुम्हालाही गंमत वाटेल. डेकवर सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी. इंजिनात आगवाला आणि तेलवाला. आणि स्वयंपाकाला भंडारी. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही नावं. मी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत असताना सिस्टरनी प्रत्येकाला घरच्यांची माहिती विचारली. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "माय ग्रँडफादर इज ऑइलमॅन." सिस्टरना वाटलं, आमचं तेलाचं दुकान आहे. पुढचे दोन महिने त्या मला खोबरेल तेलाचा भाव विचारत होत्या!

मी मेकॅनिकलला आले ती आजोबांमुळेच. सेकंड इयरला आय.सी. इंजिन शिकताना स्कॅव्हेंजिंग म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्यांच्याकडून जास्त कळलं. "बाय, इंजिनाने पण श्वास नीट सोडला पायजे, तरच पुढचा घेता येतो," असं ते सांगायचे. श्वासाबद्दलचं हे वाक्य पुढे मला वेगळ्या कारणाने आठवत राहिलं.

तर झालं असं, की आजोबांची पंचाहत्तरी आली. ठाण्याच्या काकांनी जाहीर केलं, की सगळ्यांनी मिळून मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचं. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईतून अशी मोठी जहाजं पुन्हा सुटायला लागली आहेत. काकांचं म्हणणं एकच होतं, "बाबा छत्तीस वर्षं बोटीच्या पोटात राहिले. एकदा तरी पॅसेंजर म्हणून वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसू देत." आजोबा वरवर "कशाला पैशे घालवता" म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली आणि जुनी सी.डी.सी., म्हणजे खलाशाची नोंदवही, उगाचच पुसून ठेवली. सगळ्यांना कळलं काय ते.

आजीचं मात्र तंत्रच वेगळं. ती रेवसच्या बाजूची. तिच्या माहेरी कुणी बोटीने जायचं नाव काढलं, की आजही 'रामदास' निघते. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत कलंडून बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्याभरावर आलेलं होतं. आजीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण पावसाळी समुद्र बघितला की ती अजून हात जोडते. "त्या बोटीचं सर्टिफिकेट नव्हतं होय कुणी लिहून दिलेलं?" असा तिचा सवाल. याला उत्तर काय देणार!

क्रूझच्या कंपनीने बुकिंगबरोबर फॉर्म पाठवला. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको.) त्यात प्रत्येकाच्या तब्येतीची माहिती भरायची होती. ब्लड प्रेशर, डायबेटिस, हृदयविकार, दमा, ऑपरेशन झालं आहे का, वगैरे. यातलं काही असेल तर आपल्या डॉक्टरचं 'प्रवासास योग्य' असल्याचं पत्र जोडायचं होतं. गरोदर बाईसाठीही नियम होता. बहुतेक क्रूझ कंपन्या चोवीस आठवडे भरलेल्या बाईला घेतच नाहीत. घरात चर्चा सुरू झाली, की एवढे नखरे कशाला? एस.टी.त चढताना कंडक्टर कधी बी.पी. विचारतो का?

मी इंजिनिअर (होऊ घातलेली!) असल्यामुळे हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. एस.टी.त कुणाला काही झालं, तर ड्रायव्हर गाडी तशीच दवाखान्यात घालतो. बोट तशी घालता येत नाही. बोटीचा वेग नॉटमध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. अठरा नॉटने जाणारी बोट तासाला तेहतीस किलोमीटर जाते, म्हणजे आपल्या घाटातल्या एस.टी.एवढीच. बोटीवर डॉक्टर असतो हे खरं. आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या परदेशी सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर पाहिजे. मोठ्या क्रूझवर ई.सी.जी., ऑक्सिजन, शॉक द्यायचं मशीनसुद्धा असतं. पण अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. त्यासाठी बंदर गाठायचं, नाहीतर कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर यायची वाट बघायची. ते येणार हवामान असेल तर आणि त्याच्या पल्ल्यात असेल तर. म्हणून बोटवाले आधीच विचारून घेतात.

त्यात २०२० सालची 'डायमंड प्रिन्सेस' सगळ्यांच्या लक्षात आहे. जपानच्या योकोहामा बंदरात ३,७११ माणसं त्या जहाजावर अडकली आणि सातशेहून जास्त जणांना कोरोना झाला. त्यावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ जण कर्मचारी. म्हणजे आपल्याकडचे खलाशी, आचारी, वेटर. जहाजावर एकाची तब्येत ही एकट्याची राहत नाही, हे तेव्हा जगाला कळलं. आजोबांना ते आधीपासून ठाऊक होतं.

हे सगळं ऐकून आजोबा हसले. "मला काय शिकवतेस? मी जेवढी मेडिकल दिली तेवढे तू पेपर पण दिले नसशील." आणि ते खरंच होतं. प्रत्येक बोटीवर चढायच्या आधी मुंबईत जाऊन त्यांची तपासणी व्हायची. डोळे, कान, छातीचा एक्स-रे, लघवी, बी.पी. रंग ओळखायची परीक्षा तर आपल्याही काही सिनिअर्सनी दिलेली आहे. मेकॅनिकल करून जी.एम.ई.ला, म्हणजे मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्यांना ती द्यावीच लागते. ठिपक्याठिपक्यांची चित्रं असतात आणि त्यात लपलेला आकडा वाचायचा असतो. जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरने १९१७ साली ही चित्रं प्रसिद्ध केली आणि शंभर वर्षं उलटली तरी तीच चालू आहेत. लाल-हिरवा फरक न कळणारा माणूस रात्री समोरच्या बोटीचे दिवे ओळखणार कसा? इंजिन रूममध्येही रंगीत वायरी आणि अलार्मचे दिवे असतातच.

खलाशाचं हे सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. १९४६च्या आंतरराष्ट्रीय करारात हे होतं आणि २००६च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्येही तेच आहे, जे भारताने २०१५ साली मान्य केलं. बोटीचंही असंच असतं. तिलाही ठरावीक वर्षांनी ड्राय डॉकमध्ये नेऊन तळापासून तपासतात. प्रवासी जहाजाचं सुरक्षेचं सर्टिफिकेट तर एकाच वर्षाचं असतं. मी कागदावर तक्ता काढला. प्रवासी जहाज, एक वर्ष. खलाशी, दोन वर्षं. आणि माझे आजोबा? २००८ साली नोकरी सुटली आणि त्यांची तपासणीही सुटली. सतरा वर्षं! ज्या वयात माणसाला तपासायची काही गरज नव्हती, त्या वयात दर सफरीला तपासलं. आणि जेव्हा खरी गरज सुरू झाली, तेव्हा विचारणारं कुणी उरलं नाही. बी.पी.ची गोळी गावातल्या दुकानातून तशीच चालू होती. गोळी लिहून देणारे डॉक्टर वारूनही चार वर्षं झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना रजा नव्हती, म्हणून मी दोघांना घेऊन अलिबागला गेले. साळावचा पूल ओलांडला तेव्हा आजोबा खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाले, "बाय, डाक्टरला जास्ती काय सांगायचं नाय. विचारलं तेवढंच. फिट आहे असं लिहून द्या, म्हणायचं."

मी विचारलं, "म्हणजे काय सांगायचं नाही?"

"काय नाय. असंच."

पण 'असंच' नव्हतं. गणपतीत मी घरी आले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. विहिरीवरून अंगणात यायला आमच्याकडे बावीस पायऱ्या आहेत. आजोबा अकराव्या पायरीवर थांबायचे आणि माडाकडे बघायचे. नारळ किती लागलेत ते मोजतात, असं आजी म्हणायची. त्या माडाला गेली दोन वर्षं नारळच नव्हते. रात्री ते दोन उशा घ्यायला लागले होते. आणि छातीवर हात फिरवत "गॅस झालाय" म्हणायचं प्रमाण वाढलं होतं.

दवाखान्यात आधी आजीचा नंबर लागला. तिला डायबेटिस, बी.पी. दोन्ही. घाबरलेली तर इतकी, की बी.पी. तीनदा बघावं लागलं. डॉक्टरांनी तिचे तीन महिन्यांच्या साखरेचे रिपोर्ट बघितले. तळपाय बघितले, कुठे जखम नाही ना ते. मग सांगितलं, "आजी, तुम्ही अगदी जाऊ शकता. औषधं सामानाच्या बॅगेत टाकायची नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवायची. चार दिवसांची सहल असेल तर आठ दिवसांची घ्यायची. आणि हे प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा, यावर औषधाचं मूळ नाव लिहिलंय, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला कळेल." जिला जायचं नव्हतं ती पास झाली! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग आजोबा. त्यांनी छाती पुढे काढली, पोट आत घेतलं. छत्तीस वर्षांची सवय. "दम लागतो का?" "नाय." "छातीत दुखतं?" "नाय." "झोप?" "मस्त." "दोन मजले न थांबता चढता का?" "चार चढतो!" ई.सी.जी. काढला. त्यात फार काही दिसलं नाही. पडून असताना काढलेला ई.सी.जी. बऱ्याचदा नॉर्मल येऊ शकतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. पेन उघडलं गेलं. लेटरहेड पुढे ओढलं.

मी तेव्हा काय विचार करत होते हे प्रामाणिकपणे सांगते. मला पत्र्याची पेटी दिसत होती. काकांनी भरलेले पैसे दिसत होते. आणि शेजारच्या खुर्चीतून माझ्याकडे न बघता बघणारे आजोबा दिसत होते. प्रॅक्टिकलला रीडिंग ग्राफवर बसत नसेल तर ते 'बसवायचं' असतं, हे आपण सगळे जाणतो. पण इथे ग्राफवर माझे आजोबा होते.

मी म्हणाले, "डॉक्टर, ते अकराव्या पायरीवर थांबतात."

बाकीचंही सांगितलं. उशा, गॅस, सगळं. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांनी पेन बंद केलं. ते रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे घेऊन म्हणाले, "आजोबा, तुमची नोकरी आता कोणी काढून घेणार नाही. आता तरी खरं सांगा." आजोबा खाली बघून म्हणाले, "थोडा थांबावा लागतो."

पुढे इको झाला आणि ट्रेडमिल टेस्ट. ही टेस्ट आपल्या लॅबमधल्या डायनॅमोमीटरसारखीच आहे. इंजिनावर जसा आपण लोड वाढवत नेतो, तसा इथे दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात आणि हृदय काय करतं ते ई.सी.जी.वर बघतात. आजोबा दुसऱ्या टप्प्यातच थांबले. मग पनवेलला अँजिओग्राफी झाली. एका मोठ्या रक्तवाहिनीत बराच अडथळा निघाला आणि तिथे स्टेंट बसवला. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, "सध्या प्रवासास योग्य नाही. पुन्हा तपासणीनंतर निर्णय." जहाज नोव्हेंबरच्या ठरल्या तारखेला आमच्याशिवाय गेलं. भरलेल्या पैशांतले काही परत आले, काही नाही.

आजोबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. आमच्या घरात अबोला धरायची पद्धत आहे, पण ती आजीची. आजोबांनी आयुष्यात कधी धरला नव्हता. मी त्यांना गोळ्या द्यायचे, ते घ्यायचे. पाणी द्यायचे, ते प्यायचे. घरातले बाकीचे "तू बोललीस म्हणून वाचले" असं मला सांगत होते. त्याने उलट जास्तच वाईट वाटायचं. कारण वाचलेल्या माणसाला तसं वाटत होतं की नाही, हे त्याने मला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. मी हॉस्टेलला परत यायची बॅग भरत होते. त्यांनी हाक मारली आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागले. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या बोटीवर एक भंडारी होता, आपल्याच बाजूचा. त्याला चढताना दम लागायचा. पिठाचं पोतं उचललं की बसून राहायचा. पण मेडिकलला 'अनफिट' आला असता तर घरी चार मुली होत्या. म्हणून तो डॉक्टरला काही बोलायचा नाही. "आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," आजोबा म्हणाले. "त्याचं पोतं आम्हीच उचलायचो. चांगलं करतोय असं वाटायचं." एका रात्री आफ्रिकेच्या वाटेवर तो गेला. बंदर चार दिवस लांब होतं. कप्तानाने प्रार्थना म्हटली आणि त्याला समुद्रात सोडला.

"त्याच्या घरी निरोप द्यायला मी गेलो होतो," एवढं बोलून आजोबा गप्प झाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही दहा जण होतो, बाय. कोण एक बोललं नाय."

त्यांनी मला 'बरं केलंस' असं काही म्हटलं नाही. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा मात्र नेहमीप्रमाणे शंभराची नोट माझ्या मुठीत कोंबली.

एक गोष्ट मला तेव्हापासून सुचत राहिली आहे. आजोबांनी लपवलं ते खोटेपणाने नाही. ज्या तपासणीवर पोट अवलंबून असतं, त्या तपासणीत माणूस आपलं दुखणं सांगत नाही. तिथला डॉक्टर त्याला डॉक्टर वाटत नाही, परीक्षक वाटतो. आपण नाही का व्हायवाला न कळलेलं कळल्यासारखं दाखवत? फरक इतकाच, की व्हायवात फार तर के.टी. लागते. नोकरी सुटली, पगार थांबला, तरी ही सवय माणसाच्या अंगात राहते. आणि हे फक्त खलाशांचं नाही. एस.टी.चे ड्रायव्हर, कारखान्यातले कामगार, पोलीस, आपल्या मेसमधले मामा, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच असणार.

शेवटी थोडं उपयोगाचं लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या घरी आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना फिरायला पाठवायचं चाललेलं असतं. चारधाम असो, अंदमान असो की क्रूझ.

एक म्हणजे डॉक्टरकडे निघायच्या आदल्या दिवशी नाही, तर महिना-दीड महिना आधी जावं. काही निघालंच तर उपचाराला वेळ मिळतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, नावं पाठ नसली तरी चालतात.

दुसरं, बोट लागू नये म्हणून आपण सर्रास गोळ्या घेतो, त्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. बोट का लागते ते आपल्या व्हायब्रेशनच्या विषयात बसतं. डोळे सांगतात केबिन स्थिर आहे, आतला कान सांगतो हलतेय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. सगळ्यात जास्त त्रास ०.२ हर्ट्झच्या आसपास होतो, म्हणजे पाच सेकंदांत एकदा वर-खाली. मोठ्या जहाजांना डोलणं कमी करायला पाण्याखाली पंख असतात, म्हणून तिथे त्रास कमी. पण अव्होमिनसारख्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर डोळ्यांना धोका असतो. डॉक्टरांनी आजोबांच्या कागदावर हे ठळक लिहून दिलं.

तिसरं, प्रवासाच्या विम्यात आधीचे आजार लपवू नयेत. लपवले तर नेमका गरजेच्या वेळी क्लेम अडकतो. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि समुद्रात कुणालाही काही झालं तर कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या पोरांना पाठ हवा. मुरूडलाच त्यांचं स्टेशन आहे.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या माणसाबरोबर तपासणीच्या खोलीत आत जाऊन बसावं. बाहेर बाकावर मोबाईल बघत बसू नये. आपण आत असलो, की अकरावी पायरी डॉक्टरपर्यंत पोचते.

आता आजोबा कसे आहेत? बरे आहेत. फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली आणि डॉक्टरांनी छोट्या प्रवासाला परवानगी दिली. मग काकांनी मांडव्याहून भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट ठरवली. २०२०च्या मार्चमध्ये सुरू झालेली ही बोट तासाभरात मुंबईला पोचवते, गाड्यांसकट. आजोबा वरच्या डेकवर खुर्चीत बसले, अगदी काकांनी ठरवलं होतं तसे. दहा मिनिटांनी उठले आणि तिथल्या खलाशाला विचारायला लागले, "इंजिन कुठलं आहे? खाली बघायला देतात काय?" नाही देत म्हटल्यावर जरा खट्टू झाले. आजीने रेवसच्या दिशेला हात जोडले आणि पूर्ण तासभर माझा दंड घट्ट धरून ठेवला. एवढं करून बोट लागली ती मला!

क्रूझचं काका पुन्हा बघताहेत. पुढच्या तपासणीत काय निघतं त्यावर आहे. आजोबा रोज सकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर चालतात आणि किती चाललो ते माझ्या एका जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवतात, तारीख आणि वेळ घालून. इंजिन रूमचं लॉगबुक लिहितात तसंच. 'रिमार्क' असा एक रकानाही त्यांनी आखला आहे. गेल्या आठवड्यात त्यात लिहिलं होतं, "आज एकदा थांबलो." हे त्यांनी स्वतःहून लिहिलं, याचा मला आमच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त आनंद झाला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत घरी गेलात की मोठ्या माणसांबरोबर एकदा जिना चढून बघा. त्यांच्या मागे दोन पायऱ्या राहून. ते कुठे थांबतात आणि थांबल्यावर कशाकडे बघतात, एवढं फक्त लक्षात ठेवा. आणि परत आल्यावर डिफॉल्टर लिस्टीत नाव असेल, तर सरांना खरं कारण सांगा. पटलं तर ठीक, नाहीतर कांजिण्या आहेतच!